एक सूत

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
रेमेडियस काका पेटी उघडतात.

वॉचमन दरवेळी विचारतो, सनई का?
काका दरवेळी सांगतात,
तिची चुलत बहीण, बाप्तिस्मा झालेली.

सरळसोट पितळी सोप्रानो.
कुठे बाक नाही,
चूक लपवायला कोपरा नाही.

तीस वर्षं लेथवर सूत-सूत मोजत आलेला हा माणूस
जॅझ वाजवताना आधी ओठानं माप घेतो.
मी ब्रशनं ड्रमचं कातडं घासत राहते,
तांबोळींचा बास
जड पावलांनी मागून येतो.

काल मात्र
ठरलेली चाल सोडून काका वर गेले, आणखी वर,
आणि वरचा सूर
एक सूत चढाच लागला.

आता उतरवतील, म्हणून मी थांबले.
त्यांनी तो तसाच धरला,
गळ्याची शीर तटतटेपर्यंत.
तांबोळी चुकून हसले,
बास चालवायचा विसरून.

पेटी मिटताना काका म्हणाले,
लेथवर असता ना,
तर हा पीस मीच भंगारात टाकला असता.

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात
लोखंडाचा कीस
अजून बारीक वाजत होता.