म. रे.

कुर्डुवाडीला असताना ब्रशला सांगावं लागत नसे.
दोन फळ्यांमधली खाच आली की तो आपणहून खाली उतरायचा,
रंग आत ठेवून वर यायचा,
आणि तीन पावलांवरून
म ची शिरोरेघ सलग दिसायची.

आता कुडाळात, मागच्या पडवीत,
डबा माझ्या तळहाताएवढा.
अक्षरं भाच्याने छापून पाठवलीत. डेकल म्हणतात.
हात कापतो म्हणून. तसं त्याने लिहिलं नाही,
नुसतं लिहिलं, मामा, हे सोपं पडेल.

वाटीतल्या पाण्यात कागद भिजला
की अक्षर सायीसारखं सुटतं.
चिमट्याने धरून डब्यावर सरकवायचं.
सरकतं. पण त्याला खाच कळत नाही.
या फळीवरून त्या फळीवर ताणून बसतं,
वहाळावर साकव टाकावा तसं,
आणि साकवाखाली हवा.
उजेड पडला की ती हवा चंदेरी दिसते,
चिकटवलंय हे लांबून कळतं.

शिरका लागतो. माडाचा, जुना.
कुंपणापलीकडून इस्तेरबाय अर्धी वाटी देते,
"डब्याक कसलो शिरको, रे? मासो आसा काय तो?"

टाचणीने साकवाला भोकं पाडतो,
एकेक थेंब सोडतो.
अक्षर सुरकुततं.
इथे हात लावायचा नाही.
चौतीस वर्षं हात लावूनच पोट भरलेल्या माणसाला
हे शिकायला तीन डबे फुकट गेले.
आक्रसतं, गोळा होतं, वाटतं गेलं,
मग सावकाश खाचेत पाठ टेकतं.

इथल्या दमट हवेत एक रात्र पुरत नाही वाळायला.
दोन दिवस पालथ्या परातीखाली.

परात उचलली तर ठिपका नाही.
म नंतरचा.
वाटीतल्या पाण्याबरोबर अळवात गेला असेल.
ठिपका गळला की 'मरे' होतं.
कुर्डुवाडीची पोरं डब्यामागे धावत ओरडायची,
मरे! मरे!
आणि खारकर फोरमन मला शिडी देऊन पाठवायचा
एका ठिपक्यासाठी, भर उन्हात.

तीन केसांचा ब्रश काढला.
टेकडीमागून मालगाडी चालली होती,
वाटीतलं पाणी थरथरलं, म्हणून थांबलो.
पाणी थांबलं. हात नाही थांबला.
तसाच टेकवला.

सकाळी डोळे मिटून बोट फिरवलं.
फळी, खाच, फळी, रिवेट, खाच.
अक्षर कुठेच लागत नाही. तसंच हवं होतं.
एकाच जागी बोट अडतं,
खसखशीएवढं.