साकळू द्या

परळ, तिसरा मजला, मागची प्रयोगशाळा.
सीरम बघून मला माणसं कळतात.
हे दुधाळ: काल कुणाच्या तरी हळदीत
मटणाच्या रश्श्यावर तुटून पडलेलं.
हे कोकमासारखं लाल, घाईत सुई ओढली,
पेशी फुटल्या; आता यंत्र म्हणेल
त्यावर जाऊ नये.
आणि हे गर्द पिवळं,
ज्याची कावीळ प्रथिनांच्या आकड्यातही उतरते.

आज फिलोमिना रॉड्रिग्ज, एकसष्ट, माझगाव.
आलेखावर गॅमाच्या अलीकडे
एक बारीक टोक.
नवा मुलगा अद्वय म्हणाला, "मॅडम, मायलोमा,"
आणि पेन उचललं.

थांब.
बूच बघ. हिरवं.
हेपॅरिनची नळी रे, हे रक्त साकळलंच नाही.
ज्या धाग्यांची गाठ व्हायची होती
ते मोकळे हिंडतायत,
आणि यंत्राला वाटतंय, आजार.

खाली जाऊन पुन्हा घेतलं. लाल बूच.
"परत कशाला? काय निघालं काय?"
"काही नाही, नळी चुकली."
बाईंनी बाही खाली ओढलीच नाही,
कापूस दाबून बसून राहिल्या.
अर्धा तास नळी स्टँडवर उभी,
कुणी हलवायची नाही.

दुसऱ्या आलेखात टोक नव्हतं.

अद्वय पहिला कागद फाडणार होता.
मी मागून घेतला.
ड्रॉवरमध्ये तळाशी आईचा एक जुना रिपोर्ट आहे,
त्याच्यावर ठेवला.
त्या रिपोर्टावर आम्ही सतरा दिवस रडलो होतो,
उगाच.