चिंतामणी रंग

नेजदारांच्या घरचा अल्बम परत आला.
नवरीच्या हौसाआत्यांनी पान उलटलं, बोट ठेवलं:
"माझा शालू चिंतामणी रंगाचा.
हा तर शाळेच्या गणवेशाचा निळा."
भांडल्या नाहीत.
म्हणूनच लागलं.

माझ्या स्क्रीनवर तो चिंतामणीच होता,
शपथेवर सांगतो.
रात्री दोन वाजता, शाहूपुरीतली कुत्री भुंकून दमल्यावर,
मांडवातल्या हॅलोजनचा पिवळा गंज
मी त्यांच्या पदरावरून बोट बोट काढला होता.

मग आत्यांकडूनच ब्लाउजपीस मागून घेतला,
न शिवलेला, कोऱ्या घडीचा,
आणि सोनाराकडं सोनं न्यावं तसा कागदात गुंडाळून
राजारामपुरीत बोंद्रेच्या दुकानात शिरलो.

भिंतीवर अकरा मॉनिटर.
अकरांवर एकच पोपट फडफडत होता
आणि अकरा पोपट अकरा रंगांचे.

हा बघा गेमिंगचा, बोंद्रे म्हणाला, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ.
हा वक्र. हा फोर-के.
आणि ह्याच्यावर रंग कसले उठून दिसतात, नाद खुळा!
म्हटलं, भावा, उठलेले नकोत.
बसलेले पाहिजेत,
जिथल्या तिथं.

तेव्हा त्यानं आतल्या खोलीतनं एक आणला.
आयपीएस पॅनल, मॅट काच,
घोड्याच्या झापडांसारख्या बाजूला काळ्या पट्ट्या,
सोबत कॅलिब्रेशनचा कागद, त्यावर
कुठल्या तरी कारखान्यातल्या कुणाची तरी सही.
किंमत ऐकून मी मनात मोजलं:
नऊ लग्नं, दोन साखरपुडे, एक बारसं.
पितृपक्ष धरलेला नाही.

सोबत दस्तगीरचाचा होते.
चाळीस वर्षं लक्ष्मीपुरीत रिटचिंग केलेलं.
पेन्सिलीच्या टोकानं निगेटिव्हवरचे देवीचे व्रण बुजवलेले,
काळ्यापांढऱ्या गालांना कापसाच्या बोळ्यानं लाली दिलेली.
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला,
डाव्यातला बाकी.

ब्लाउजपीस स्क्रीनला लावून धरला.
चाचांनी डावा डोळा झाकला.
"बरोबर."
उजवा झाकला.
गप्प.
परत डावा. परत उजवा.
दुकानातलं पोरगं फिस्सकन हसलं.

"हसतोस काय? एका कपाळाला दोन कंपन्यांचे मॉनिटर बसवलेत माझ्या.
ह्या डोळ्यानं कापड निळं.
ह्यानं तेच कापड काकवीत बुडवून काढल्यागत."

मग ते बराच वेळ पोपटांकडं बघत राहिले.

"डॉक्टर म्हणला, हे एका दिवसात येत नाही.
दहा-बारा वर्षं हळूहळू चढतं, माणसाला कळत नाही.
म्हणजे शेवटी शेवटी जी रंगवली,
घराघरांत हाराखाली टांगलेली माणसं,
ती सगळी मी काकवीतनंच बघून रंगवली की रे."
बोंद्रेनं बिलाचं पुस्तक मिटलं.
"कुणी एक फोटो परत आणला नाही," चाचा म्हणाले.
"एकानंसुद्धा नाही."

मॉनिटर घेतला. बारा हप्ते.
खोका मांडीवर घेऊन चाचा रिक्षात बसले
आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला धरत होते, स्वतःला नाही.
घरी आल्यावर हुकूम: समोरची भिंत राखाडी कर,
ट्यूब बंद, अर्धा तास तापू दे,
आंब्यागत घाई करून कापू नकोस.

नवं पान छापून नेलं.
आत्यांनी ते उंबऱ्यापाशी उन्हात धरलं,
चष्मा वर केला, खाली केला.
"हां," म्हणाल्या. "आता माझा."
नंतर म्हणाल्या, "पण मी एवढी काळी होते का?"

ब्लाउजपीस अजून माझ्या खणात आहे.
त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.

चाचांच्या डाव्या डोळ्याची तारीख पंचवीसला होती.
गेले नाहीत.
रिपोर्ट, पैसे, रिक्षा, सगळं तयार होतं.
"एक असू दे," म्हणाले,
"त्या माणसांना मी रंगवलेलं
जसंच्या तसं बघायला."