चाल कुणाची

लिस्बनहून रेडिओची एक पोरगी आली होती,
मायक्रोफोनला केसाळ टोपी, पायांत नवे सँडल.
तिनं विचारलं, गाणी तुम्हाला सुचतात कुठून?
मी म्हणालो, समुद्रातून.
एवढ्या लांबून आली होती बिचारी,
रिकाम्या हाती कशी पाठवायची.

खरं म्हणजे मी फ्रीज दुरुस्त करतो.
मिंदेलोत, बंदराच्या मागच्या चढावर.
दिवसभर समुद्राकडे माझी पाठ
आणि कान कॉम्प्रेसरला.
प्रत्येक फ्रीज आपला एकच सूर धरून बसतो:
मासळीवाल्या एर्मिनियाचा जरा खाली,
दवाखान्यातला, लसींचा, वर आणि सावध,
पेशंट झोपलेत हे ठाऊक असल्यासारखा.
त्या घरघरीवर मी गुणगुणतो.
दातांत स्क्रू धरलेले, म्हणून शब्द नसतात.
शब्द मागाहून येतात.
निदान मी तसं सांगतो.

आर्मिंदो बुडाला त्या आठवड्यात
फिलिज्मिनाकडे गेलो होतो, फ्रीजच्या दाराचं रबर बदलायला.
ती ओट्याशी उभी. कुणाशीच नाही, असंच बोलली:
"बूट ठेवून गेला.
म्हणजे लांब जायचं नव्हतं त्याला."
मी रबर बसवलं. पैसे नाही घेतले.
ओळ घेतली.

तीन दिवसांत गाणं झालं.
बारमध्ये, लग्नांत, रॉटरडॅमच्या गोदीत राबणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये,
अख्खं बेट ते बूट घालून हिंडलं वर्षभर.
लोक म्हणाले, झुल्मिरो, काय सुचलं रे तुला!
सुचलं.
किती सोयीचा शब्द. त्यात कुणी काही करत नाही.
ओळ जशी रस्त्यात पडली होती
आणि मी नुसता वाकलो.

शब्द तिचे असतील, पण चाल तर माझी,
एवढ्या उशीवर मला झोप लागायची.

मग एकदा सहाराची धूळ उतरली बेटावर.
गिऱ्हाईक नाही. दुकानाच्या दारात
चुरचुरणारे डोळे चोळत बसलो होतो.
ती चढ चढत होती, हातात पाण्याचा कॅन,
डाव्या खुब्यात जुनी कसर.
दोन पावलं भरभर, एक ओढलेलं,
थांबायचं, कॅन या हातातून त्या हातात.
पुन्हा दोन. पुन्हा ओढलेलं.
माझं बोट पान्यावर ठेका धरून होतं
आणि तो ठेका मला पाठ होता.

चालही तिचीच.

उठून कॅन घेतला. एवढं तर कुणीही करतं.
वर पोचेपर्यंत ती काही बोलली नाही.
उंबऱ्यात म्हणाली,
"तिसऱ्या कडव्यात तू त्याला शूर केलंस.
भित्रा होता तो. ढग दिसला की सगळ्यांच्या आधी परतायचा.
तेवढं बदल."

बसवून पाहिला तो शब्द. उलटा, सुलटा, तोडून, ताणून.
दर वेळी एक मात्रा बाहेर लोंबते,
बोटीच्या काठावरून पाय लोंबावा तशी.

रेडिओच्या पोरीचं पत्र आलं परवा, सोबत रेकॉर्डिंग.
लिहिलंय: समुद्राबद्दलचं फार सुंदर बोललात,
फक्त मागची ती घरघर
काही केल्या काढता आली नाही. माफ करा.

कडवं अजून तसंच आहे.
लोक गातात तेव्हा
त्या जागी मी खोकतो.