शंभराची चकती

दहा वाजता त्याला जेटीवर सोडलं तेव्हा
त्याच्या शर्टाची दुकानातली घडीही मोडली नव्हती.
हुबळीचा. टाइल्सचा धंदा. नाव नाही सांगितलं,
पण "आज हात खाजतोय, भाऊ" असं दोनदा म्हणाला
आणि साठ रुपयांच्या भाड्याला पाचशेची नोट देऊन
उरलेले घ्यायला थांबलाच नाही.

मांडवीत तोवर सगळ्या बोटी पेटल्या होत्या.
एकीच्या कपाळाला जांभळा मुकुट,
दुसरीच्या अंगावरून हिरवा धबधबा,
पाण्याला कळेना आपला रंग कुठला.
बेतीची फेरीबोट मात्र एका पिवळ्या बल्बवर,
दोन स्कूटर आणि रिकाम्या मासळीच्या पाट्या घेऊन
रोजच्यासारखी तिरकी निघाली.

माझी बहीण सुलक्षा त्या जांभळ्या बोटीत.
आठ ते चार. टेबल नंबर सात.
मी बाहेर, पिवळ्या मडगार्डचा पायलट.
गोंयकाराला आत खेळायला मनाई आहे,
पत्ते वाटायला नाही, ग्लास पुसायला नाही.
तिच्या गणवेशाला खिसे नाहीत.
टेबल सोडताना एक टाळी वाजवायची,
मग दोन्ही पंजे उलटसुलट करून छताला दाखवायचे;
छतात डोळा असतो.
हे तिच्या इतकं हाडात मुरलंय
की घरी भाकऱ्या थापून झाल्या
की परातीवर टाळी, आणि पंजे आढ्याला.
आई म्हणते, कोणाला दाखवतेस गो?
वर पाल आहे.

अकराला तियात्र सुटला.
आग्नेला मावशी मागे बसली, पर्स मांडीवर घट्ट,
आणि ताळगावापर्यंत तिनं मला
सातही पडदे सांगितले, गाण्यांसकट.
शेवटी म्हणे दारुडा जावई सुधारतो.
"खरंच सुधारतो?"
"आरे पुता, लोकांनी तिकीट काढलंय.
सुधारणारच."

मग कायतानच्या गाड्यावर रॉस-ऑम्लेट,
रस्सा परत मागितला तर तो पावाचे पैसे लावतो.
मग दिल्लीची चार पोरं, एकाच बाइकवर बसू म्हणाली.
मग बराच वेळ कोणी नाही.
खांबाखाली एक कुत्रा स्वतःची सावली हुंगत.

तीनला तो आला.
शर्ट तोच, आता बापाचा वाटावा असा.
"बसस्टँड," म्हणाला, आणि वाटेत काहीच नाही.
पोचल्यावर त्यानं एकेक खिसा बाहेर काढला,
पांढरी अस्तरं कानांसारखी लोंबली,
आणि मागच्या खिशातून निघाली एक चकती,
निळी, कडेला सोनेरी रेघ.
"शंभराची आहे. खरी आहे."

राहू दे म्हणालो असतो.
पण तो असा हात पुढे धरून उभा होता
की न घेणं म्हणजे त्याला आणखी एकदा हरवणं.
घेतली.

परत येताना हिशेब केला.
ही फक्त आत चालते.
मी आत जाऊ शकत नाही.
सुलक्षा जाते, पण तिला खिसा नाही,
आणि मुठीतून नेली तर
नोकरीच जाईल शंभर रुपयांत.

चारला ती छोट्या बोटीतून उतरली, बूट हातात.
म्हापसा गेलं तरी बोलली नाही.
कोलवाळच्या पुलावर, वाऱ्यात, माझ्या कानाशी:
"आज एक हुबळीचा होता रे.
सगळं गेल्यावर मला म्हणाला,
तुझा दोष नाही, ताई."
मी गिअर बदलला.
बदलायची गरज नव्हती.

सकाळी स्वयंपाकघरातलं टेबल
नेहमीसारखं डुगडुगलं, चहा सांडला.
मी खाली वाकून पायाखाली चकती सरकवली.
उठलो तर सुलक्षा दारात.
तिनं पाहिली. ओळखली असणार;
रात्रभर त्याच तर सरकवते.
काही विचारलं नाही.
एक टाळी वाजवली, हळू,
दोन्ही पंजे उलटसुलट करून
या वेळी मला दाखवले,
आणि चहा प्यायला बसली.

टेबल आता हलत नाही.