चौदा नंबरचा पत्रा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये ट्रक उलटा लावून
उतरवले एकोणीस फर्मे, प्लायवुडचे.
प्रत्येकावर लाल खडूनं आकडा,
एकावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग.

जहाज तिकडे सुक्या गोदीत.
मी फोटो पाहिलेत:
ठोकळ्यांच्या रांगांमधून वाकून चाललेला एक माणूस
वर टॉर्च मारतोय,
आणि टॉर्चच्या उजेडात संपत नाही
अशी त्रेसष्ट मीटरची चीर.
आत फासळ्या,
चिडून फेकलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या.
एका फटीत खडकाचा तुकडा अडकला होता, नारळाएवढा.
तो म्हणे विमावाल्यांनी मागून घेतला.

आमच्या गावाला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत,
आणि हिंमतभाई पंचाल आहेत,
ज्यांनी समुद्र एकदाच पाहिला,
द्वारकेला, तोही ओहोटीचा.

बावीस मिलिमीटरचा पत्रा
ते हातोड्यानं वाकवत नाहीत.
खडूची रेघ ओढतात.
रेघेवरून ज्योत नेतात, आजारी माणसाला चालवावं
तितक्या सावकाश,
आणि मागोमाग पोऱ्या पाण्याचा पाइप घेऊन.
तापलेलं लोखंड पसरू बघतं,
शेजारचं गार लोखंड पसरू देत नाही.
निवताना ते आखडतं.
एवढंच.
त्या आखडण्यातून जहाजाचं पोट येतं.
दोन मिलिमीटर. पुन्हा रेघ.
वाफ पत्र्यांच्या छतापर्यंत, आणि मी चष्मा पुसतेय.

पत्रे अंगणात पालथे नाही, उताणे ठेवतो.
खोलगट भागात पाइपचं पाणी साचतं.
ज्याच्याखालून समुद्र जायचा
त्यात दुपारी गेटवरची कुत्री पाणी पिते.

चौदा नंबर बसेना.
म्हणजे फर्म्याला चपखल बसत होता,
माझ्या ड्रॉइंगला बसत नव्हता.
चाळीस मिलिमीटर.
मी दोन रात्री आकडे तपासले,
डब्यातली भाकरी तशीच परत नेली,
घोरपडेसाहेबांना सांगितलं फर्मा चुकलाय,
ते म्हणाले, फोन कर.

गोदीतून शिरसाट बोलत होते,
मागे ग्राइंडरचा आवाज, अर्धे शब्द त्यात गेले.
"मॅडम, ड्रॉइंगमधलं जहाज आता कुठंच नाही.
अकरा दिवस खडकावर होतं.
भरतीला उचललं जायचं, ओहोटीला आपटायचं,
दिवसातून दोनदा.
कणाच खचलाय. सरळ करायचा तर
अख्खं कापावं लागेल.
तपासणारे म्हणाले, एवढ्या खचण्यानं चालेल.
आता जे उभं आहे
त्याच्या मापाचा पत्रा द्या."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ
ड्रॉइंगमधली ती रेघ बघत होते.
कुणीतरी दूरच्या देशात, कोऱ्या कागदावर
कसल्याही खडकाचा विचार न करता
ओढलेली सुंदर रेघ.
मग गुंडाळी केली. रबर लावलं.

हिंमतभाईंना सांगितलं, तुमचं बरोबर होतं.
"में तो ड्रॉइंग जोयुं ज नथी," ते म्हणाले.

ट्रेलर निघाला तेव्हा जांबुवाच्या पुलावर
नेहमीसारखा जाम.
एकोणीस पत्रे दोरखंडात, आकाशाकडे पोट करून,
आणि मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत,
कोंबड्यांचा.

सात आठवड्यांनी शिरसाटांचा निरोप:
गोदीत पाणी सोडलं. आतून तळ कोरडा.
मी विचारलं, चौदा?
कोरडा.

मी धावतच शेडमध्ये गेले.
हिंमतभाई करजणच्या डेअरीच्या टाकीवर वाकलेले,
काळी काच डोळ्यांवर.
जहाज तरंगलं, मी ओरडले.
त्यांनी काच वर केली.
"कयुं जहाज?"
चौदा नंबर, मी म्हणाले.
"हां, चौद,"
आणि काच पुन्हा खाली ओढली.