सोमवारचं शटर

सोमवारी उद्यमनगर बंद.
दस्तगीरमिस्त्री शटर अर्धंच उचलतात,
आपण वाकून आत जायचं.
गाडी बाहेरच, नाक तेवढं सावलीत,
पाठ उन्हात शेकत.

दोनशेसात. एमएच झिरो नाईन.
नंबरातला शेवटचा आकडा गंजानं खाल्लाय.
पोलीस विचारतो, तीन का आठ?
मी म्हणते, दंडाला स्वस्त पडेल तो.

बिडाचं कास्टिंग ओढते ही,
शिरोलीच्या फाउंड्रीतनं इथल्या लेथवर,
लेथवरनं गोकुळ शिरगावला:
फ्लायव्हील, पंपाची कव्हरं, ट्रॅक्टरचे हब.
हौद्याच्या कोपऱ्यात काळी वाळू,
कितीही झाडा, पुढच्या वळणाला परत तिथंच.

कंपनीचे पाटे पाच.
अप्पांनी सात केले, मी आणखी दोन चढवले.
आता रिकामी निघाली की उधळते,
दीड टन टाकल्यावर माणसात येते.
स्टेअरिंगचा बॉक्स भंगारातल्या सुमोचा,
सीट केएमटीच्या लिलावातली,
तिच्या पाठीवर अजून वाचता येतं:
अपंगांसाठी राखीव.

मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हर टॅपेट कव्हरला टेकवतात,
मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात.
बाजूच्या गल्लीत कुणीतरी पत्रा बडवतंय,
त्याला हातानंच गप्प करतात.
"दुसऱ्या नंबरचं बोलाय लागलंय.
आणि नोझल थुंकतोय, फवारत न्हाई."
मी फिलर गेज पुढं करते. बारा थाव.
पाना हलवायचा तो केसाएवढा,
जास्त हलला की पहिल्यापासनं.

आज मात्र काम पॅडलचं होतं.
तीन वर्षं पाठीला उशी घेऊन चालवली मी,
क्लच तळाला न्यायचा म्हणजे
अंगठ्यावर उभं राहायचं अर्धं.
"अडीच इंच वाढवू," मिस्त्री म्हणाले,
आणि रबर सोललं.

रबराखाली एक पट्टी.
इंचभर जाड, कडेला वेल्डिंगचे गोळे,
शिकाऊ पोरानं घातल्यासारखे.
मिस्त्रींनी नखानं खरवडलं.
"हे माझं काम न्हवं."
मग ग्राइंडर तसाच हातात धरून
बराच वेळ बघत राहिले.
"वीस वर्षं ही गाडी माझ्याकडं.
रबराखाली बघतंय कोण?"

त्या साली अप्पांच्या पायावर हब पडला होता,
हे आम्हाला नंतर, दुसऱ्याकडनं कळलं.
घरात सांगितलं होतं, चप्पल चावली.
कोल्हापुरात ते कुणालाही पटतं.
लंगडत आले, लंगडत जेवले,
आणि एका रात्री कुणाचं तरी मशीन मागून
पॅडल पायाजवळ आणून ठेवलं,
पाय पॅडलपर्यंत जाईना म्हणून.

म्हणजे तीन वर्षं उशीवर नव्हे,
त्या इंचावर गाडी हाकत होते मी.

"ठेवू का? वरनंच चढवतो."
"टिकेल?"
"कच्चं हाय. घाटात कधीतरी निघंल."
काढा म्हटलं.
ठिणग्या माझ्या ओढणीपर्यंत आल्या,
दोन भोकं पडली, मागनं कळलं.

नवं पॅडल. क्लच तळापर्यंत गेला,
पहिला गिअर न करकरता पडला,
मला उगाचच मागं वळून बघावंसं वाटलं.
पैसे विचारले तर मिस्त्री शटर ओढत म्हणाले,
"कशाचे? दुकान बंद हाय आज."

उचगावात घरासमोर गाडी लावली तेव्हा
अप्पा कट्ट्यावर होते, आवाज ऐकत.
"टॅपेट लावलं जणू."
मी ती पट्टी त्यांच्या हातात दिली.
त्यांनी उलटीपालटी केली,
तळहातावर वजन बघितलं,
कड अंगठ्यानं चाचपली.
"बिडाचं न्हवं हे," म्हणाले.
"माइल्ड स्टील."